विहिरीतली अस्वलीण

एप्रिलात कुणी यवतमाळला जातं का, असं पुण्यात भेटेल त्याने आम्हांला विचारलं. सुट्टीत माणसं महाबळेश्वरला जातात, नाहीतर कोकणात आंबे खायला. पण मला ज्या प्राण्याला भेटायचं होतं, तो मोहाची फुलं गळायला लागली की मोकळ्यावर येतो, आणि माझा प्रश्न त्याला भर उन्हाळ्यातच विचारण्यासारखा होता.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, अस्वल काळं, त्यात अंगावर एवढे लांब केस. मग विदर्भातल्या उन्हात ते मरत कसं नाही?" वर्ग हसला. मीही हसले, आणि घरी येऊन पुस्तकं काढली. बर्फातल्या अस्वलांवर पानंच्या पानं होती. ती कशी झोपतात, चरबीवर कशी जगतात. आपल्या अस्वलाच्या उन्हाळ्याबद्दल जेमतेम दोन ओळी. पिंजऱ्यातलं अस्वल पाहिलं तर ते दिवसभर हौदाशेजारी पडलेलं. ते काही उत्तर नव्हे. अस्वल दुपारी कुठे बसतं, पाणी केव्हा पितं, अंग कसं निववतं, हे पाहायला रानातच जायला हवं होतं.

यजमान बँकेत आहेत. त्यांनी रजा काढली, कॅमेरा घेतला आणि डोक्यावर ठेवायला एक खाकी हॅट विकत आणली. १९६२ सालचा तो एप्रिल होता. एकट्या बाईने रानात जाऊन राहणं आमच्या घरात कुणाला पटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोबत हवेच होते.

यवतमाळहून पुढे

यवतमाळला उतरलो तेव्हा सकाळच होती, तरी स्टँडवरच्या लोखंडी बाकावर टेकलेला हात मी चटकन मागे घेतला. आलुबोंड्यावर लालभडक रस्सा ओतून देणाऱ्या हॉटेलवाल्याने यजमानांच्या हॅटकडे पाहिलं.

"टोपीनं काही होत नाही साहेब. कान बांधा, कान."

आमच्याकडे थंडीत कान बांधतात, इथे उन्हात. आम्ही दोघांनी तिथेच पंचे घेतले आणि कान बांधून मारेगावच्या बसमध्ये बसलो. दोन्ही अंगांना कापसाची रिकामी शेतं आणि त्यांत वाळून उभ्या पऱ्हाट्या. वारा खिडकीतून यायचा तो भट्टीवरून आल्यासारखा.

मारेगावला बैलगाडी घेऊन सकरू नायक आले होते. यवतमाळच्या एका ओळखीच्या शिक्षकांनी आमची सोय त्यांच्या तांड्यावर केली होती. उंच, काटक माणूस, पांढरं मुंडासं. चेहऱ्याची उजवी बाजू शांत आणि देखणी. डावीकडे डोळा नव्हता, आणि गालाचं कातडं कपाळापासून जबड्यापर्यंत ओढून शिवल्यासारखं दिसत होतं. ते कशाने झालं हे मला विचारावं लागलं नाही. प्राणिसंग्रहालयात मी त्या नख्या पाहिल्या होत्या.

"अस्वलाचा अभ्यास करनारे साहेब तुमीच का?" त्यांनी यजमानांना विचारलं.

"मी नाही. या," त्यांनी माझ्याकडे हात केला.

सकरू नायकांनी एका डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बैलांना हाकत म्हणाले, "अस्वलाचा कायचा अभ्यास करता बाई? मी सांगतो ना. दिसलं का माराचं. झाला अभ्यास."

गाडी धुरळा उडवत तांड्याच्या वाटेला लागली.

तांडा

तांडा टेकडीच्या उतारावर होता. या लोकांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले. आता प्रत्येकाच्या दारात वखर आणि तिफण. आपसांत ते गोरबोली बोलत. आमच्याशी बोलताना वऱ्हाडी. घरधनीण सोनीबाई हातभर बांगड्या आणि आरसे लावलेली फेटिया, म्हणजे घागरा, घालून चुलीपुढे बसायच्या. त्यांचा मोठा मुलगा 'याडी' म्हणून हाक मारायचा, म्हणजे आई. ज्वारीच्या भाकरीला ते बाटी म्हणतात. जाडजूड गरम बाटी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. पहिल्या घासाला यजमानांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा सोनीबाई घाबरून म्हणाल्या, "काहून रडून राह्यले जी साहेब?"

उताराखाली नाला. उन्हाळ्यात तो कोरडा पडला की तांड्याच्या बाया वाळूत झिरा खणायच्या आणि हळूहळू पाझरणारं पाणी वाटीने घागरीत भरायच्या. नाल्याच्या पलीकडे पाचसहा घरांची एक वस्ती होती. ती माणसं छप्पन्न साली बौद्ध झालेली. आणि त्याहून पुढे, चिंचांच्या आड, मोठं गाव.

तिसऱ्या का चौथ्या पहाटे सोनीबाईंनी मला मोह वेचायला नेलं. उजाडत होतं. रानभर तो गोड, जरा आंबूस वास. बाया मोठ्याने बोलत, डबे वाजवत चालल्या होत्या. इतका गलबला कशाला, असं मी विचारलं.

"आमी येऊन राह्यलो हे अस्वलाले समजा लागते," सोनीबाई म्हणाल्या. "माह्या मालकाचं तोंड पाह्यलं ना? ते एकटे गेलते. चुपचाप."

आम्ही फुलं वेचू लागलो आणि बोलणं आपोआप कमी झालं. तेवढ्यात वारुळांच्या बाजूने लोहाराचा भाता चालवल्यासारखा आवाज आला. फूंऽ, मग सुर्रर्र. सोनीबाईंनी माझं मनगट असं धरलं की त्यांच्या बांगड्या माझ्या हाडात रुतल्या. पन्नास पावलांवर एक काळा ढीग वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत होता. ढिगावर आणखी एक छोटा ढीग. पिल्लू आईच्या खांद्यांमधले लांब केस मुठीत धरून पाठीवर बसलं होतं.

वारा बदलला. अस्वलीण थांबली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि नाक वर करून हवा हुंगू लागली. अस्वलाची नजर अधू असते, नाक तिखट. ती आमच्याकडे पाहत नव्हती. ती आम्हांला वाचत होती. छातीवरचा पांढरट पट्टा मला स्पष्ट दिसला. मग ती धप्पकन चार पायांवर आली, आणि पिल्लासकट झाडीत गेली.

तांड्यावर आल्यावर मी हे सगळं यजमानांना सांगत सुटले. सकरू नायक ओट्यावर बसून ऐकत होते.

"कोन्या बाजूनं गेली?"

मी बोट दाखवणार होते. तेवढ्यात त्यांच्या मांडीवरची भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक दिसली. पिकाच्या राखणीसाठी त्यांना तिचा परवाना होता. ते नळीत चिंधी घालून ती पुसत होते. मी हात भलत्याच दिशेला केला.

विहिरीपाशी

त्यानंतर दोन दिवसांनी, बाटी तव्यावर असतानाच, नाल्यापलीकडच्या वस्तीतली किसनाबाई धावत तांड्यावर आली. पदर खांद्यावरून घसरलेला, हातात दोराचा तुटका तुकडा.

"विहिरीत कायतरी आहे व सोनीबाई! बादली सोडली तं खालून कोनी ओढली! दोर तुटला!"

आम्ही सगळे पळालो.

विहीर वस्तीच्या कडेला होती. कठडा नाही. वरचा थर काळ्या मातीचा, खाली मुरूम. दोन पुरुष खोल. तळाला एका अंगाला गुडघाभर पाणी, दुसऱ्या अंगाला चिखल, आणि त्यात अस्वलीण. पिल्लू पाठीवर. पहाटे पाण्याच्या वासाने आली असणार आणि काठ ढासळला असणार. ती भिंतीवर चढू पाहायची, नख्यांनी मातीची ढेकळं सुटायची, आणि ती पुन्हा पाण्यात. प्रत्येक वेळी ती ओरडायची. विहिरीत तो आवाज घुमून वर यायचा तेव्हा काठावरची माणसं आपोआप मागे सरायची.

थोड्याच वेळात मोठ्या गावातून माणसं आली. आधी पाहायला, मग ढेकळं मारायला. एक ढेकूळ पिल्लाजवळ पडलं. ते केकाटलं, आणि खालून जी डरकाळी आली तिने गर्दीला आणखी चेव चढला.

"टाका धोंडे. मरते ते," कोणीतरी म्हणालं.

"मरू द्या. काढाले हे लोक आहेतच की. त्यांचंच काम आहे ते," दुसरा हसून म्हणाला.

किसनाबाईचा नवरा तुळशीराम काठाशी उभा होता. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. तो त्या हसणाऱ्याच्या समोर जाऊन थांबला.

"आमचं काम नाही ते," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दीक्षा घेतली त्या दिवशीच सोडलं. मेलेलं ढोर ओढाचं नाही, असं आमी सगळ्यांनी ठरवलं. म्हनून तुमी आमाले गावच्या विहिरीवरून हाकललं. म्हनून ही विहीर आमी खंदली. माह्या बायकोनं पोटुशी असून माती वाहिली. आता याच विहिरीतून मी मेलेलं जनावर ओढू?"

हसणारा हसायचा थांबला, पण मागे झाला नाही. दोघेही एकमेकांकडे पाहत राहिले. पुढच्या क्षणी काय होईल ते सांगता आलं नसतं.

त्या वेळी यजमानांनी हॅट सरळ केली. खाकी हॅटमुळे इथे सगळे त्यांना जंगल खात्याचे साहेब समजत होते, आणि त्यांनी तो समज कधी खोडला नव्हता. "काठापासून सगळे मागे व्हा!" ते गरजले. घरी दूधवाल्याशीही हे इतक्या मोठ्याने बोलत नाहीत. "जो पुढे येईल त्याचं नाव लिहून घेईन!" आणि त्यांनी खिशातून खरोखरच पेन्सिल काढली. गर्दी पांगली. चिंचेच्या सावलीपर्यंत तरी गेली.

"तुम्ही बँकेत आहात," मी पुटपुटले.

"त्यांना कुठे ठाऊक," ते म्हणाले. त्यांनी पेन्सिल पुन्हा खिशात घातली.

ऊन चढलं. दुपारी ते सरळ विहिरीत उतरलं आणि तळाला सावलीची जेमतेम एक कड उरली. मी पालथी पडून काठावरून खाली पाहत होते. ज्या प्रश्नासाठी पुण्याहून आले त्याचं उत्तर तिथे होतं. अस्वलिणीने तळचा चिखल नख्यांनी उकरला, पोट त्या गारव्यावर टेकलं, चारही पाय पसरले. पोटावरचे केस विरळ असतात. अंगातली उष्णता तिथून जमिनीत जात असावी. पाठीवरचा दाट काळा झुपका ऊन वरच्यावर अडवत होता. जीभ बाहेर, धाप जलद. अधूनमधून ती अंग वळवायची, आणि पिल्लू प्रत्येक वेळी सावलीच्या बाजूला यायचं. ते तिने मुद्दाम केलं की आपोआप झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. हे सगळं मी पाहिलं आणि मला आनंद झाला नाही. धाप वाढत चालली होती. रानात ती अशा वेळी कपारीत जाऊन पडली असती. इथे ऊन टळेपर्यंत ती टिकेल का, याची मला खात्री नव्हती.

तुळशीरामने घरची बाज दोर बांधून आत सोडली. अस्वलिणीने दोन फटक्यांत तिचे तुकडे केले. बाजेचा पाय फुटल्याचा आवाज बंदुकीच्या बारासारखा आला.

"झाड पाहिजे," मी म्हणाले. "सरळ, लांब, पाय रोवता येतील असं. अस्वल झाडावर उत्तम चढतं. तिला चढायला काही दिलं आणि आपण बाजूला झालो, तर ती आपली आपण जाईल."

"झाड आहे," तुळशीराम म्हणाला आणि नाल्यापलीकडे पाहू लागला. "सकरू नायकाच्या आंगनात."

सागाचं आडं

सकरू नायक नवं घर बांधत होते. त्यासाठी आणलेलं सागाचं आडं, म्हणजे छपराचा मधला वासा, अंगणात पडलं होतं. तुळशीराम त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मागितलं. वळसे नाहीत, विनवणी नाही.

सकरू नायकांनी बंदूक भिंतीला टेकवली. "हे तोंड पाह्यलं का तुळशीराम? त्या जातीच्या जनावरासाठी मी माह्या घराचं आडं देऊ? सरक बाजूले. मी येतो अन् विहिरीतच बार टाकतो."

"अन् मंग पानी?"

"ते तुमी पाहा."

मी मध्ये बोलायला गेले. पिल्लू आहे, जनावर आपण होऊन अंगावर येत नाही, असलं काहीतरी. सकरू नायकांनी चेहऱ्याची डावी बाजू माझ्याकडे वळवली.

सोनीबाई चुलीपाशीच होत्या. आधी त्या नवऱ्याशी गोरबोलीत काहीतरी फाडफाड बोलल्या. मग मला आणि तुळशीरामला कळावं म्हणून वऱ्हाडीत.

"विहिरीत मारलं तं ते पानी कोन पिते? सकाळपासून किसनाच्या वस्तीतल्या बाया आपल्या झिऱ्यावर बसून आहेत. त्याहिले मी नाही म्हनलं नाही, म्हननार बी नाही. पन झिरा केवढा आहे? पाऊस पडेस्तोवर दोन वस्त्या त्याच्यावर जगतीन का? सांगा ना!"

सकरू नायकांनी अंगणातल्या लाकडाकडे पाहिलं. मग कुऱ्हाड उचलली आणि स्वतःच्या घराच्या आड्यात पाय रोवण्यासाठी खाचा पाडू लागले. प्रत्येक घाव घालताना त्यांचा जबडा हलत होता.

"मले दया-बिया काही नाही," ते मान वर न करता मला म्हणाले. "झिरा पुरत नाही म्हनून देऊन राह्यलो. विहिरीतून बाहेर निघू द्या. बाहेर मी तिले सोडनार नाही."

तांड्यातल्या आणि वस्तीतल्या माणसांनी मिळून आडं नेलं. तांड्याचे गडी एका दोराला, वस्तीचे दुसऱ्या. सोडताना काठ पुन्हा सुटला. यजमान कडेला वाकून फोटो घेत होते. त्यांचा पाय गेला. तुळशीरामने दोर सोडून त्यांचा पट्टा पकडला, आडं एका अंगाला कलंडलं, आणि तिकडून सकरू नायक ओरडले, "धरा रे!" एक क्षणभर माझा नवरा अर्धा विहिरीवर लोंबत होता आणि खाली ती उभी राहून पंजा वर करत होती. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. तुळशीरामने त्यांना वर ओढलं. कॅमेरा मात्र गळ्यातून निसटून खाली गेला. अस्वलिणीने तो हुंगला, एकदा चावला आणि पाण्यात टाकून दिला.

आडं तिरकं बसलं. वरचं टोक हातभर बाहेर आलं.

माळ्यावर

आता सगळ्यांनी लांब जायचं आणि आवाज करायचा नाही, एवढंच उरलं होतं. चिंचेखालची गर्दी कंटाळून गेली होती. वस्तीतली माणसं घरांत दारं लावून बसली. शेजारच्या शेतात ज्वारीच्या राखणीचा जुना माळा होता, चार खांबांवरचा. वारा विहिरीकडून आमच्याकडे होता, म्हणून तो मी निवडला. सकरू नायक, यजमान आणि मी त्यावर चढलो. सकरू नायकांनी नळीत दारू आणि छर्रा ठासला, बार पेटवणारी टिकली बसवली, घोडा चढवला आणि बंदूक कठड्यावर टेकवली. नळी विहिरीच्या तोंडावर.

मी त्यांच्याइतकी जवळ बसले होते की त्यांचा श्वास ऐकू यावा. हात पुढे करून नळी वळवावी असं मनात येत होतं. पण ज्याच्या तोंडावर अस्वलाने असा पंजा मारला, त्याला मी कोणत्या अधिकाराने अडवायचं? आणि बाहेर पडल्यावर ती घरांकडे वळली, तर त्या दारांमागे किसनाबाई होती. मला अस्वलिणीच्या सुटकेची इच्छा होती आणि बंदूक असावी असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

ऊन कललं. सावल्या नाल्यापर्यंत गेल्या. विहिरीतून काहीच आवाज येईना.

"मेली," यजमान कुजबुजले.

तेवढ्यात आड्याचं टोक हललं.

लाकूड करकरलं. थांबलं. परत करकरलं. आधी नाक वर आलं, फिकट, लांब, हवा ओढणारं. मग चिखलाने लडबडलेलं डोकं. ती हळूहळू येत होती, एकेक पंजा खाचेत रोवत. पिल्लू पाठीला चिकटलेलं. तिने पुढचे पंजे काठावर टाकले, अंग उचललं, आणि पाठीमागची माती ढासळली. तिने उसळी घेतली. ती बाहेर आली, पण पिल्लू पाठीवरून सुटून काठावर पडलं. त्याचे मागचे पाय विहिरीवर लोंबत होते आणि ते नख्यांनी मातीला धरून रडत होतं. अगदी तान्ह्या मुलासारखं.

अस्वलीण वळली. तिची पूर्ण कूस आमच्याकडे आली.

सकरू नायकांनी घोडा दाबला.

टक्.

बार उडाला नाही. टिकली फुसकी निघाली. पण तो आवाज तिने ऐकला. ती मागच्या पायांवर उभी राहिली, थेट माळ्याकडे तोंड करून. माळ्याला ना भिंती, ना उंची. यजमानांनी माझा हात धरला. सकरू नायकांनी बंडीच्या खिशातून दुसरी टिकली काढली. मी ती पाहिली. त्यांच्या दोन बोटांत होती.

अस्वलीण तशीच उभी. मागे पिल्लू रडतच होतं. मग ती खाली बसली आणि आमच्याकडे पाठ केली. पंजाने पिल्लाला जमिनीवर ओढलं, नाकाने ढकललं. ते धडपडत तिच्या केसांना लोंबकळलं आणि पाठीवर चढलं. या सगळ्याला वेळ लागला. पुष्कळ लागला. टिकली बसवायला क्षणभर पुरतं. सकरू नायकांची बोटं हलली नाहीत. डाव्या गालाचं ओढलेलं कातडं तेवढं थरथरत होतं.

ती नाला ओलांडून पलीकडच्या पळसांत शिरली. मग कितीतरी वेळ आम्ही तिघेही खाली उतरलो नाही.

"मी तं घोडा दाबला होता," शेवटी सकरू नायक म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं. "तुमी पाह्यलं ना बाई? मी दाबला होता. फुटला नाही, त्याले मी काय करू?"

"पाहिलं," मी म्हणाले.

त्यांनी टिकली खिशात ठेवली आणि माझ्याआधी खाली उतरले.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी विहीर उपसायला दोन्हीकडची माणसं आली. तुळशीराम आड्यावरूनच खाली उतरला आणि गढूळ पाणी, मग चिखल, बादल्यांनी वर पाठवत राहिला. बाजेचे तुकडे आले. कॅमेरा आला, त्याच्या कातडी पाकिटात सुळ्याचं भोक होतं. चिखलातून अस्वलिणीची विष्ठा निघाली तशी मी ती मागून घेतली, आणि यजमान नाल्याकाठी बसून फडक्यातून ती गाळू लागले. वाळवीची डोकी, तेंदूच्या बिया, मोहाच्या फुलांचा चोथा. बाया तोंडाला पदर लावून पाहत होत्या. जंगल खात्याच्या साहेबांचा दरारा त्या सकाळी संपला.

सकरू नायक आले नाहीत. सोनीबाई आल्या आणि किसनाबाईच्या बरोबरीने बादल्या ओढत राहिल्या.

ऊन तापायच्या सुमारास मुरमातून नवं पाणी पाझरायला लागलं. आधी लालसर, मग निवळ. तुळशीरामने लोटा भरून वर दिला. किसनाबाईने तो हातात घेतला आणि सोनीबाईंकडे पाहिलं. सकाळपासून राबलेली बाई, तिला आधी पाणी द्यायला हवं होतं. पण भांडं पुढे करावं की नाही, हे तिला ठरवता येईना. तांड्यातलं कोणी या विहिरीचं पाणी आजवर प्यायलं नव्हतं. तिने लोटा उंच धरला, वरून धार धरण्यासाठी. सोनीबाईंनी ओंजळ करावी म्हणून ती थांबली.

सोनीबाईंनी तिच्या हातातून लोटा काढून घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा अर्धा संपवला. पाणी हनुवटीवरून बांगड्यांवर सांडलं.

"गोड आहे व," त्या म्हणाल्या, आणि लोटा माझ्याकडे केला.

मी दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली होती. घरातल्या, पुण्यातल्या सवयीने, कधी केली ते मला कळलंही नव्हतं. मी किसनाबाईकडे पाहिलं. मग हात सोडले आणि लोटा घेतला.